उतरंडीतले तिसरे मडके

आमच्या गावच्या घराचे माजघर असे होते की तिथे दिवसाढवळ्याही कंदील लावावा लागे, आणि त्याच्या कोपऱ्यात आजीची उतरंड होती. तळाशी चुंबळीवर बसवलेला मोठा डेरा, त्यावर त्याहून लहान, त्यावर आणखी लहान, अशी एकावर एक सात मडकी आणि सगळ्यांच्या माथ्यावर झाकण म्हणून पालथे घातलेले परळ. खालच्या दोन मडक्यांत राखेत घोळवलेले कडधान्य आणि पेरणीचे बी असे. वरच्या चारांत मीठ, चिंच, सांडगे, सुंठ असे रोज हाताला लागणारे जिन्नस. मधल्या, म्हणजे खालून तिसऱ्या मडक्यात काय आहे, हे घरात कोणी विचारत नसे. तिथवर पोहोचायचे तर वरची चार मडकी क्रम न चुकवता खाली घ्यावी लागत, आणि ती आवाज न करता उतरवून पुन्हा जशीच्या तशी चढवण्याची हातोटी एकट्या आजीला होती.

आजोबा करड्या स्वभावाचे होते. कणगी भरताना ते ज्वारीची पोती मोजत, ट्रंकेची किल्ली करगोट्याला बांधून हिंडत, आठवडी बाजाराचा हिशेब आजीकडून पै-पैशाने घेत. पण उतरंडीला हात लावणे हे बाप्याचे काम नव्हे, अशी त्यांची पक्की समजूत होती. ज्या रीतीने बाईला चुलीपाशी बांधून ठेवले होते, तीच रीत अशी तिच्या ठेवीवर राखणीला बसली होती. अंड्यांचे पैसे, विकलेल्या शेणींचे पैसे, पदराआडून नेऊन वाण्याच्या दुकानात घातलेल्या दोन शेर ज्वारीचे पैसे, असे सगळे तिसऱ्या मडक्यात जात. धाकट्या आत्याच्या शिवणयंत्राचा पहिला हप्ता त्यातूनच भरला गेला. ते पैसे आजीच्या माहेरून आले, असे आजोबांना सांगण्यात आले आणि त्यांनी ते मानले, किंवा मानल्यासारखे केले; यातले खरे कोणते, हे सांगणारे आता कोणी उरलेले नाही.

ग्रामीण कथा वाचताना, आणि अधूनमधून लिहितानाही, मला हे मडके हटकून आठवते. कथेतल्या बाईचे बंड आपण वरच्या मडक्यात हात घालून शोधतो आणि तिथे नुसते मीठ-मिरची लागली की ‘सोशिक स्त्रीचे प्रभावी चित्रण’ असा शेरा मारून मोकळे होतो. हा दोष मी दुसऱ्यांवर ढकलत नाही, कारण माझ्या पहिल्याच कथेत मी तो पुरेपूर केलेला आहे.

महाविद्यालयाच्या वार्षिक अंकात ती कथा छापून आली तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. कथेतली सखू नवऱ्याच्या माराला कंटाळते, एका अमावास्येच्या रात्री गळ्यातले मंगळसूत्र काढून उंबऱ्यावर ठेवते आणि अंधारात चालू लागते. शेवटच्या वाक्यात वीज चमकते. सुटीत घरी गेले तेव्हा मी ती मोठ्या हौसेने आजीला वाचून दाखवली. आजी सुपात तुरीची डाळ घोळत बसली होती. कथा संपली, वीज चमकून गेली, तरी सूप काही थांबले नाही.

“गेली व्हय? बरं केलं,” आजी म्हणाली. मग एक खडा वेचून बाजूला टाकत तिने विचारले, “आन् शेरडं?”

“कसली शेरडं, आज्जी?”

“तूच वाचलंस की वर, दारात दोन शेरडं हुती म्हणून. ती रातभर बांधूनच ऱ्हायली? आन् तांबडं फुटल्यावर ही गेली कुठं? माहेरात?”

“गोष्टीत तेवढं सगळं सांगत नसतात गं.”

“सांगत नसत्यात व्हय?” तिने सूप झटकले. “भावजयीनं दार उघडलं का न्हाई, एवढं तरी लिवायचं.”

मला तेव्हा राग आला होता. अडाणी बाईला कथेतले काय कळते, असेही मनात येऊन गेले असावे. ते आठवले की आजही कानशिले तापतात. कारण आजीचा प्रश्न टीकाकाराचा होता. सखूला घराबाहेर काढताना मला शेरडांची काळजी नव्हती, म्हणजेच सखू कोण आहे हेच मला माहीत नव्हते. जी बाई रोज तिन्हीसांजेला दोन शेरडे मोजून दाव्याला बांधते, ती निघून जाताना निदान ती दावी तरी सोडून जाईल. मारकुट्या नवऱ्याच्या स्वाधीन मुकी जनावरे करण्यापूर्वी ती क्षणभर थांबेल. कदाचित त्या थांबण्यातच तिची कथा असेल. मी मात्र वीज चमकवून सुटले होते.

भावजयीने दार उघडले की नाही, हा प्रश्न तर त्याहून अवघड होता. माहेर या शब्दाभोवती मराठीत इतकी माया साठलेली आहे की ते घर भावाच्या मालकीचे असते, हे सहज विसरायला होते. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने मुलगी वडिलांच्या वाट्याची वारस झाली. वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत मुलाच्या बरोबरीने जन्मतः हक्क मिळायला मात्र महाराष्ट्रात १९९४ साल उजाडावे लागले आणि देशभरात २००५. कागदावर एवढे झाले तरी गावात वाटा मागणारी बहीण म्हणजे माहेर तोडणारी बहीण, हा हिशेब फारसा बदलला नाही. पंचमीचे बोलावणे, पहिले बाळंतपण, लेकीच्या लग्नात मामाचा आहेर आणि सासरी फारच छळ झाला तर चार दिवस टेकायला ओसरी, एवढ्यासाठी तिने आपला जमिनीतला वाटा मुकाट्याने सोडायचा असतो. ज्या बाईचे नाव सासरच्या सातबाऱ्यावर नाही आणि माहेरच्या सातबाऱ्यावरून पुसायचे आहे, तिला कथाकाराने अमावास्येच्या रात्री नेमके कोणत्या दिशेला धाडायचे? १९८६ साली शेतकरी संघटनेचे महिला अधिवेशन नाशिक जिल्ह्यात चांदवडला भरले आणि त्यातून पुढे नवऱ्यांनी आपणहून बायकोच्या नावे जमीन करून देण्याची लक्ष्मी मुक्तीची मोहीम निघाली. शेतकरी बायकांच्या चळवळीलाही अखेर सातबाऱ्यापाशीच यावे लागले, यात मला नवल वाटत नाही.

म्हणून ग्रामीण कथेतली बाई बहुतेक वेळा घर सोडत नाही. तिने घर सोडले नाही म्हणजे तिने काहीच केले नाही, असे समजणारा वाचक तिच्या आयुष्याचे मोजमाप दुसऱ्याच कोणाच्या गजाने करत असतो.

घरात राहून बोलायची तिची जागा फार जुनी आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी आपल्या सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातल्या शेकडो गावांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. इतक्या बायकांना बोलायला जातेच का मिळाले, याचा विचार करावा. पहाटेची वेळ, पुरुष निजलेले, एकाच खुंट्याला दोघींचे हात, आणि दगडाची घरघर अशी की दोन हातांवरच्या माणसाला शब्द नीट लागू नयेत. शिवाय दळण हे काम आहे. गाणे बंद कर असे म्हणणाऱ्याला भाकरीही बंद करावी लागेल. तक्रार कधी जात्याच्या ईश्वरापाशी, कधी पंढरीच्या विठ्ठलापाशी, आणि वाकळेत जागी पडलेली सासू ती ऐकत असते. लेकी बोले सुने लागे म्हणतात, तशी इथे सूनच जात्याला बोलते आणि ते सासूला लागते. लघुकथेच्या तंत्रावर पुस्तके लिहिणाऱ्यांनी सूचकता म्हणून जे शिकवले ते या बायकांनी पिठाबरोबर पाडले होते. मात्र त्यांना कोणी लेखिका म्हटले नाही, आणि गिरणी आल्यावर हाताला आराम मिळाला तशी ती पहाटेची बोलायची जागाही गेली.

बहिणाबाई चौधरी त्याच जागेवरून आलेल्या. खानदेशातल्या असोद्याच्या या निरक्षर शेतकरी बाईची गाणी त्यांच्या मृत्यूनंतर, १९५२ साली आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने पुस्तकरूपाने आली, आणि तेव्हापासून आपण त्यांना संसाराचे तत्त्वज्ञान सांगणारी माउली करून देव्हाऱ्यात बसवले. पण हात बघायला आलेल्या ज्योतिषाला, माझे दैव मला कळते, तू माझ्या दारी येऊ नकोस, असे सांगणारी बहिणाबाईंची विधवा मला देव्हाऱ्यातली वाटत नाही. कपाळ पुसले गेल्यावर आता नशीब कसले सांगतोस, असे ती ज्याला विचारते त्याच्यामागे सगळे पंचांग उभे आहे. ती ओरडत नाही, फक्त दार लावून घेते. आतून.

उघड बंडही आपल्याकडे झाले, आणि फार आधी झाले. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहिले तेव्हा त्यांच्यासमोर सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेवर चाललेला बालहत्येचा खटला होता. त्या पुस्तकातला संताप आजही पानातून चटका देतो. महात्मा फुल्यांनी १८८५ मध्ये ‘सत्सार’मधून ताराबाईंची बाजू घेतली, पण ताराबाईंचे दुसरे पुस्तक काही आपल्यापर्यंत आलेले नाही. एवढ्या धारदार लेखणीची बाई पुढची वर्षे काय लिहीत होती, की लिहीतच नव्हती, या प्रश्नापाशी मी दर वेळी अडखळते. जी उघड बोलली तिचे पुढे काय होते हे गावातल्या बाईला पुस्तके न वाचताही ठाऊक होते, आणि जी बोलली नाही तिचा बावळटपणा वाटणारा गप्पपणा त्या माहितीतून आलेला असू शकतो.

स्वातंत्र्यानंतर ग्रामीण कथा भरास आली ती पुरुषांच्या हातून. व्यंकटेश माडगूळकरांचे ‘माणदेशी माणसं’ १९४९ चे, शंकर पाटलांचे ‘वळीव’ १९५८ चे. या लेखकांचे ऋण माझ्यासारखीने नाकारणे म्हणजे खाल्ल्या घरचे वासे मोजणे होईल. माझ्या गावची बोली छापील पानावर पहिल्यांदा मी त्यांच्यामुळेच पाहिली. तरीही ‘माणदेशी माणसं’मधली माणसे बहुतेक पुरुषच आहेत, हे लक्षात यायला मला चाळिशी गाठावी लागली. त्यात लबाडी काही नाही. गावातला मुलगा पारावर, तालमीत, ओढ्यावर वाढतो. त्याला माणसे तिथेच भेटतात. माजघरातली बाई त्याला आई म्हणून दिसते, वहिनी म्हणून दिसते, भाकरी वाढणारा हात म्हणून दिसते, आणि हाताच्या मागचा हिशेब दिसायला तिथे बसून राहावे लागते. पुढे माडगूळकर, पाटील आणि द. मा. मिरासदार यांच्या कथाकथनाने गावोगावची मैदाने भरली, तेव्हा फटकळ, तोंडाळ, नवऱ्याला पळवून लावणाऱ्या बायकांवर हशा उसळला. मी तो हशा ऐकलेला आहे आणि त्यात मनापासून हसलेलीही आहे. पण मैदानावरच्या कथेला गप्प बसणारी बाई परवडत नाही. हजार माणसांपुढे तिच्या गप्प बसण्याचे करणार काय?

तिला जागा मिळाली ती थोडी आडबाजूला. उद्धव शेळक्यांच्या ‘धग’मधली वऱ्हाडातली कौतिक आणि रा. रं. बोराड्यांच्या ‘पाचोळा’मधली मराठवाड्यातली पारबती या दोघी कादंबरीतल्या, कथेतल्या नव्हेत, तरी त्यांना वगळून पुढे जाता येत नाही. ‘पाचोळा’ तर सगळा पारबतीच्याच तोंडून येतो. योगायोग म्हणा, पण दोघीही शिंप्याच्या बायका आहेत. गावात राहून ज्यांना जमीन नाही, दुसऱ्यांच्या कापडावर ज्यांचे पोट, अशा घरातली बाई प्रत्येक शब्द मोजून टाकते, कारण एका शब्दाने गिऱ्हाईक तुटते. प्रतिमा इंगोल्यांसारख्या लेखिकांनी नंतर बायकांचे बोलणे बायकांच्याच वऱ्हाडीत कथेत आणले, तेव्हा चुलीपुढची जागा पहिल्यांदा आतून दिसू लागली.

काही वर्षांपूर्वी एका दिवाळी अंकाच्या कथास्पर्धेसाठी आलेल्या कथा माझ्याकडे वाचायला होत्या. साठ-सत्तर कथांतल्या निम्म्यांत बाईने शेवटी हाती विळा घेतला होता, काहींत कोयता. त्या ढिगात परभणीकडच्या एका मुलीची, वहीच्या पानांवर निळ्या शाईने लिहिलेली कथा होती. नवरा बायकोला न विचारता दुभती म्हैस बाजारात नेऊन विकतो. पैसे कशात गेले हे कथा सांगत नाही, गावात सगळ्यांना माहीत असते. बायको अवाक्षर काढत नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे नेहमीच्या वेळी उठते, चरवी घासते, गोठ्यात जाते, रिकाम्या खुंट्यापाशी उकिडवी बसते. धार काढायला जेवढा वेळ लागायचा तेवढा वेळ बसून उठते, रिकामी चरवी नवऱ्यासमोर आणून ठेवते आणि शेजारी कोऱ्या चहाची कपबशी. संध्याकाळी पुन्हा तसेच. सासू म्हणते, येड लागलं का हिला? ती म्हणते, सवय हाय, जाईल हळूहळू. शेजारणी गोठ्याच्या कुडातून बघू लागतात. पोरे चरवीत वाकून बघतात. दिवसातून दोनदा, सतरा दिवस. अठराव्या दिवशी नवरा कोरा चहा अंगणात ओततो आणि पटका बांधून न बोलता बाहेर पडतो. तो म्हैस आणायला गेला की दारू प्यायला, हे कळत नाही. चरवी तिथेच असते.

इथे कथा संपायला हवी होती. त्या मुलीने खाली आणखी तीन ओळी लिहिल्या होत्या: ही तिची मूक क्रांती होती, आणि त्या क्रांतीने तिला काय दिले वगैरे. त्या तीन ओळी काढाव्यात, असे मी तिला कळवले. तिचा फोन आला. “मॅडम, पण लोकांना कळेल ना?” तिच्या आवाजात खरी काळजी होती. मी म्हटले, शेजारणींना कळले, तर वाचकांना न कळायला काय झाले? ओळी गेल्या. मला मात्र त्या कथेने माझी सखू पुन्हा आठवून दिली. या बाईने हाती घेतलेले हत्यार म्हणजे तिचे रोजचे काम होते. तिने काम सोडले नव्हते. उलट म्हैस नसतानाही ते अगदी काटेकोर केले होते, आणि म्हणून तिला बोल लावायला कोणाला जागा सापडत नव्हती.

तेव्हापासून मी कथांतून ‘नाही’ शोधत नाही, ‘मग’ शोधते. गावाकडची बाई नकाराला तारीख घालते. मुराळी न्यायला आला की सासू म्हणते तसे, आणि सासरचे आणायला आले की लेक म्हणते तसे: पुनवेनंतर, सुगीनंतर, पाऊस उघडल्यावर. ज्याला थेट नाही म्हणता येत नाही त्याला उद्या म्हणता येते, आणि उद्याचा परवा करता येतो. ताटातली भाकरी तेवढीच, पण आज तिच्यावर लोणी नाही. पदर डोक्यावरच, पण बोटभर मागे सरकलेला. नवऱ्याचे नाव घ्यायचा आग्रह झाला की असा उखाणा, की ज्यात नाव येते आणि त्याची फजितीही. ही गोष्ट सांगणाऱ्या लेखकाला वेळेचे भान फार लागते, कारण त्यात घडते ते सतरा दिवसांत, अकरा वर्षांत घडते, आणि कथा तर वीस मिनिटांत वाचून होते.

इथवर आल्यावर मला एक शंका छळते, आणि ती बाजूला सारून पुढे जाणे बरे नव्हे. ‘मूक बंड’ हा शब्द परीक्षणांत आता इतक्या सहजपणे येतो की त्यात काही तरी सोयीचे असले पाहिजे. जे बंड भांडे फोडत नाही त्याचे कौतुक करायला घरधन्याचे काय जाते? रिकामी चरवी फार सुंदर दिसते, पण म्हैस गेली ती गेली. माझ्या आईला मी ती कथा सांगितली तेव्हा ती म्हणाली, “सतरा दिवस कोरा चहा तीही प्यायलीच असेल की.” हे त्या मुलीने लिहिले नव्हते आणि मलाही सुचले नव्हते.

आणि गप्प राहणे हेदेखील सगळ्या बायकांच्या वाट्याला सारखे आलेले नाही. उंबऱ्याच्या आत राहून मुकाट्याने काही करायचे तर आधी उंबरा लागतो. जिला दुसऱ्याच्या बांधावर, बाजारात, रस्त्यावर दिवस काढावा लागतो तिचे गप्प राहणे म्हणजे नुसता तोटा. उर्मिला पवारांच्या ‘कवच’ या कथेत कोकणातल्या बाजारात आंबे विकायला बसणारी आई आहे, आणि गिऱ्हाइके आंब्यांच्या आडून तिच्याशी द्व्यर्थी बोलतात म्हणून मेल्याहून मेल्यासारखा होणारा तिचा शाळकरी मुलगा. त्याला वाटते आईने जाऊच नये. पण तिला विकायचे आहेत आंबे, आणि तिच्याकडे आहे जीभ. माझ्या आजीच्या उतरंडीपाशी बसून ही कथा समजत नाही; तिच्यासाठी बाजारातच जावे लागते. अण्णा भाऊ साठ्यांनी ‘चित्रा’, ‘वैजयंता’, ‘चंदन’ अशा बायकांच्या नावांच्या कादंबऱ्या लिहिल्या त्यामागेही हीच जाण असावी. उतरंड हा शब्द आपण जातीसाठीही वापरतो, हे मला हा लेख लिहायला बसेपर्यंत एकदाही खटकले नव्हते. आमच्या घरातल्या उतरंडीत सगळ्यात खालच्या डेऱ्याला वर्षानुवर्षे कोणी जागचे हलवलेसुद्धा नव्हते.

आजीबद्दलची एक गोष्ट सांगायची राहिली आहे. तिला कथा म्हणून लिहायचा प्रयत्न मी तीनदा केला आणि तिन्ही वेळा ती बिघडवली.

आजीचे वडील १९७४ साली वारले. तेव्हा तलाठ्याने वारसनोंद केली, फेरफार झाला आणि दोन भावांच्या खाली आजीचेही नाव सातबाऱ्यावर चढले. कोणी त्याकडे लक्ष दिले नाही. १९९८ साली भावांना नदीवरून पाइपलाइन आणायची होती, कर्ज काढायचे होते, आणि कर्जाच्या कागदावर सगळ्या खातेदारांच्या सह्या हव्या होत्या. बहिणीने एकदा तालुक्याला येऊन दुय्यम निबंधकापुढे हक्कसोड पत्रावर अंगठा उठवला की काम मिटणार होते. धाकटा भाऊ पंचमीच्या आधी साडी घेऊन आला. आजीने त्याला पुरणपोळी वाढली, साडी कपाळाला लावली, कागद हातात घेऊन उलटासुलटा बघितला आणि म्हणाली, “काय लिवलंय ते दिसत न्हाई बाबा. चष्मा आल्याव बघते.”

आजीला वाचता येत नव्हते.

चष्मा आला. पुढच्या वर्षी भाऊ आला तेव्हा तिचे गुडघे दुखत होते, एसटीत बसवत नव्हते. त्याच्या पुढच्या वर्षी म्हैस व्यायला झाली होती. मग आजोबांचे आजारपण. मग तालुक्याचे कार्यालय नव्या इमारतीत गेले ते नेमके कुठे हे तिला कळेना. दर वर्षी साडी येई, दर वर्षी ती कपाळाला लावी, भावाची दृष्ट काढी, पोराबाळांची चौकशी करी. एकदाही नाही म्हणाली नाही. एकदाही गेली नाही. भावांनी पाइपलाइन शेवटी पदरचे घालून आणली. त्यांचे येणे कधी तुटले नाही, कारण तोडायला तिने काही निमित्तच दिले नव्हते. अकरा पंचम्यांच्या अकरा साड्यांपैकी चार तिने नेसल्या, बाकीच्या लेकी-सुनांना वाटल्या. जमीन कसत राहिले भाऊच. त्यातला एक दाणाही तिच्याकडे आला नाही आणि तिने मागितलाही नाही. हे बंड की नुसती टोलवाटोलवी, हे मला आजवर ठरवता आलेले नाही. कथा बिघडते ती इथेच. दर वेळी मी तिच्या तोंडी एखादे वाक्य घालते, आणि ती तसले वाक्य कधी बोललीच नसती.

२००९ साली आजी गेली. दिवस झाल्यावर माजघर आवरताना उतरंड आत्याने उतरवली, वरून एकेक, आवाज न करता. हे ती कधी शिकली, ते आम्हा कोणालाच माहीत नव्हते. तिसऱ्या मडक्यात राखेखाली साडेसातशे रुपये आणि चष्म्याचे घर निघाले. घर कोरे होते, त्यातले पुसायचे फडकेही न वापरलेले.

वर्षभराने मामाआजोबांचे थोरले चिरंजीव आले. आता वारस म्हणून माझे वडील आणि दोन्ही आत्यांच्या सह्या हव्या होत्या. त्यांनी तिघांसाठी कपडे आणले होते, कागद टाइप करून तयार होता, नाक्यावर जीप उभी होती. वडिलांनी पेन काढून सही केली आणि कागद धाकट्या आत्याकडे सरकवला. आत्या त्या वेळी दारातल्या उजेडात यंत्रावर एका परकराला नेफा घालत होती. तिने कागद घेतला, उजेडाकडे धरला, खालपासून वरपर्यंत बघितला.

“तुम्ही एवढं लांबनं आलाय दादा, जेवूनच जायचं,” ती म्हणाली. “माझा चष्मा नेमका घरी ऱ्हायलाय बघा. पंचमीला येतेच की मी तिकडं.”

चष्मा तिच्या नाकावर होता.